बोंडअळीचा पतंग आणि पॅरामेशियम: तुलना करताना या चुका टाळा

प्रकल्पाच्या वह्या तपासायला घेतल्या की दरवर्षी तोच तक्ता समोर येतो. एकीकडे गुलाबी बोंडअळीचा पतंग, दुसरीकडे पॅरामेशियम, डबक्याच्या पाण्यातला सूक्ष्म जीव. पंख: आहेत, नाहीत. पाय: सहा, नाहीत. ही तुलना नव्हे. पॅरामेशियमची एकच पेशी म्हणजे अख्खा जीव. पतंगाची एखादी पेशी शेतात एकटी जगणार नाही. म्हणून अवयव मोजू नका, कामं विचारा. ऑक्सिजन कसा मिळतो? पतंगाला अंगावरची श्वासरंध्रं आणि आतल्या नळ्या. पॅरामेशियमला सगळ्या पृष्ठभागातून. गोड्या पाण्यात राहणाऱ्या पेशीत पाणी सारखं शिरतं, ते संकोची रिक्तिका, म्हणजे पेशीतली आकसणारी पिशवी, बाहेर टाकते. ती ठराविक वेळानं आकसते म्हणून तिला हृदय लिहू नका! मी तक्त्याचा पहिला रकाना कामांचाच ठेवायला लावतो.

दुसरी चूक घाईची. जळगावकडच्या एका मुलानं पाटचारीचं पाणी आणलं, लगेच थेंब काचपट्टीवर टाकला आणि ओरडला, "सर, सापडला!" डोक्यावर दोन चक्रं फिरत होती, शेपटीकडून तो शेवाळाला चिकटलेला. तो होता रोटिफर, सुमारे हजार पेशींचा प्राणी. आकृती तोवर वहीत उतरलीसुद्धा होती, नावांसकट. सगळी तुलना बाद.

पॅरामेशियम मिळवायला घाई नको. कडब्याचे तुकडे उकळा, पाणी गार करा, त्यात डबक्याचं पाणी मिसळून काही दिवस ठेवा. थेंब वरच्या थरातून घ्या. पॅरामेशियम फार पळतो. घरच्या कपाशीचे दोन-चार तंतू पिंजून थेंबात टाका, त्यांच्या जाळ्यात तो हळू होतो. मग चपलेच्या तळासारखा आकार आणि कडेची रोमकं, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू, नीट दिसतात. नेटवरून फोटो उतरवणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही, आणि ते वहीत लगेच कळतं.

संयुग्मन, म्हणजे दोन पॅरामेशियम काही वेळ जोडले जाणं, हे पॅरामेशियमची संख्या वाढवत नाही: दोघं लहान केंद्रकांची देवाणघेवाण करतात आणि दोघंच वेगळे होतात. संख्या वाढते ती आडव्या द्विविभाजनानं, म्हणजे एकाचे आडवे दोन होऊन.

दोन्ही आकृत्या एकाच मापाच्या काढल्यात तर शेजारी प्रमाण लिहा. पॅरामेशियम मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असतो.

पतंगाच्या बाजूच्याही दोन गोष्टी: बोंडअळीची कोवळी अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग नंतर चढतो. आणि कामगंध सापळ्यातला, म्हणजे मादीच्या वासानं ओढणाऱ्या सापळ्यातला, पतंग "मादी" म्हणून चिकटवू नका, त्या वासाला नरच येतात.