शाळूच्या रानात डाळिंब लावताना

टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी आल्यापासून सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ भागांत ज्वारी-बाजरीची राने फळबागेकडे वळवण्याचा विचार घरोघरी होऊ लागला आहे. हा बदल जरूर करावा. मात्र सगळे रान एकदम मोडू नये. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, धान्याबरोबर कडबाही देतो. दावणीला जितकी जनावरे आहेत त्यांना वर्षभर किती पेंढ्या लागतात याचा हिशेब आधी मांडावा आणि तेवढे भारी काळे रान ज्वारीलाच ठेवावे, कारण विकतच्या कडब्याने डाळिंबाचा नफा पाहता पाहता संपतो.

डाळिंबाला निचऱ्याची हलकी, मुरमाड जमीन मानवते. ज्वारीसाठी वीतभर खोलीची माती तपासून भागते, फळबागेसाठी मात्र तीन फूट खड्डा घेऊन प्रत्येक फुटाच्या थराचा सुमारे अर्धा किलो नमुना वेगळ्या पिशवीत भरावा. बांधाजवळची, झाडाखालची किंवा उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये. खालच्या थरातील मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच ती जोरात फसफसली, तर चुनखडी जास्त आहे असे समजावे आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत रोपांची मागणी नोंदवू नये.

लागवड साडेचार बाय तीन मीटर अंतरावर करावी. हेक्टरी सुमारे ७४० झाडे बसतात. जवळ लावलेल्या झाडांत हवा खेळत नाही आणि तेल्या रोगाला आयते आमंत्रण मिळते. हा रोग जिवाणूजन्य असून रोपांबरोबरच बागेत येतो, म्हणून रोगमुक्त मातृवृक्षांवरचीच गुटी कलमे (झाडावरच फांदीला मुळे फोडून तयार केलेली रोपे) घ्यावीत, मग ती महाग पडली तरी चालेल. मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या फुलोऱ्यात, पावसामुळे तेल्या बळावतो. ज्या शिवारात तो आधीच आहे, तिथे पाऊस ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणारा हस्त बहार धरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पहिली दोन वर्षे बहार धरू नये. या काळात घर कशावर चालणार, हे लागवडीपूर्वीच ठरले पाहिजे. ओळींमधल्या पट्ट्यात मूग, मटकी किंवा चवळी घेता येते. उंच वाढणारे पीक मात्र तिथे नको. पाण्याचे आवर्तन कधी लांबेल याचा भरवसा नसल्यामुळे ठिबकबरोबर अस्तरीकरण केलेले शेततळेही असावे.

पीक बदलण्यासाठी अकृषिक परवानगी लागत नाही, कारण जमीन शेतीतच राहते. अनुदान हवे असल्यास मात्र पूर्वसंमतीआधी कलमे लावू नयेत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत ते तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा टप्प्यांनी मिळते. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल ॲपवरच्या पीकनोंदणीत, डाळिंबाची नोंद प्रत्यक्ष बागेत उभे राहून छायाचित्रासह करावी आणि सातबाऱ्यावर जुनी ज्वारी राहिलेली नाही ना, हे पीककर्ज व विम्याचा अर्ज भरण्यापूर्वी तपासून घ्यावे.