मीलनकाळातले अस्वल सुरक्षितपणे कसे पाहावे

गोव्यात अस्वल पाहायचे असेल, तर त्याच्या मागावर जाऊ नये. ते जिथे येते तिथे आधी जाऊन बसावे. म्हादई, मोले, नेत्रावळी आणि खोतीगाव येथील दाट रानात पुष्कळदा पंधरा-वीस पावलांपलीकडचे दिसत नाही. अस्वलाचे नाक तीक्ष्ण असले तरी नजर आणि कान बेताचेच असतात, आणि वारूळ उकरण्यात ते गढले असेल तर माणूस समोर येऊन ठेपेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. त्याचे बहुतेक हल्ले अशा दचकण्यातून होतात.

प्रथम हंगाम समजून घ्यावा. भारतात अस्वलांचे मीलन साधारण मे ते जुलै या काळात होते. एरवी एकेकटे राहणारे नर तेव्हा माद्यांच्या शोधात भटकतात, एकाच मादीपाशी दोन नर आले तर झुंजतात, आणि जोडी जमल्यावर त्यांचा गलका बराच दूरवर ऐकू येतो. पिल्ले, बहुधा एक किंवा दोन, नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास बिळात किंवा कपारीत जन्मतात आणि दोन-तीन महिन्यांनी आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. ते दृश्य कितीही लोभस असले तरी त्या दिवसांत गुहा-कपारींच्या आसपास फिरकू नये, कारण पिल्लांसोबतची मादी क्षणाचाही विचार करत नाही. मीलनकाळातही मी मे महिनाच सुचवीन. जूनमध्ये पाऊस लागला की निसरड्या पायवाटा आणि पाण्याचा आवाज यांत ना आपल्याला अस्वलाची चाहूल लागते, ना त्याला आपली.

जाण्यापूर्वी वन खात्याची परवानगी घ्यावी आणि प्रवेशाच्या वेळा पाळाव्यात. अस्वल हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. त्याला मध-फळांचे आमिष दाखवणे किंवा मादीचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून नराला बोलावणे हे निरीक्षण नव्हे.

नंतर स्थानिक वाटाड्यासोबत, उन्हे चांगली वर आल्यावर, खुणा वाचाव्यात. गोव्यात वारुळाला सातेरी देवीचे रूप मानतात, त्यामुळे माणूस सहसा त्याला हात लावत नाही. रानातले वारूळ खोलवर उकरलेले आणि माती अजून ओलसर असेल, तर अस्वल नुकतेच येऊन गेले असे समजावे. मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखा लांबट असतो. बोटे जवळजवळ एका रेषेत आणि त्यांच्या पुढे नखांच्या ठळक खुणा. विष्ठेत जांभळाच्या बिया, करवंदे किंवा मुंग्यांचे चकाकते अवशेष दिसतात. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून वाळवी ओढून घेतानाचा फुरफुर आवाज शंभर मीटरच्या पुढेही पोहोचतो. तो कानावर आला की थांबावे आणि आलेल्या वाटेने परतावे.

प्रत्यक्ष पाहणे मात्र निरीक्षण मनोऱ्यावरूनच करावे. काणकोण तालुक्यातल्या खोतीगाव अभयारण्यात पाणवठ्याजवळ असा मनोरा आहे. अस्वल मुख्यतः संध्याकाळी, रात्री आणि पहाटे हिंडत असल्याने परवानगीच्या वेळेतला पहिला किंवा शेवटचा तास निवडावा, वारा पाणवठ्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसावे, अत्तर आणि खाद्यपदार्थ टाळावेत, दुर्बीण वापरावी आणि फ्लॅश बंद ठेवावा. दोन अस्वले एकमेकांच्या मागे धावत असली तरी खाली उतरू नये. ती निघून गेल्यावरही बराच वेळ थांबावे, कारण मादीच्या मागोमाग दुसरा नर येऊ शकतो.

मनोऱ्यावर जितके गप्प, वाटेवर तितकेच बोलके असावे. तिघाचौघांनी मिळून, गप्पा मारत, शक्य तर काठीला घुंगूर बांधून चालावे. काजूच्या बागायतीत पिकलेल्या बोंडांखाली भल्या पहाटे एकट्याने वाकून बसू नये. कुत्रा सोबत नेऊ नये. चिडलेल्या अस्वलाला तो धावत आपल्याकडेच घेऊन येतो.

तरीही गाठ पडलीच तर पळू नये, कारण ते आपल्याहून वेगाने धावते. झाडावरही चढू नये, कारण त्याची लांब नखे त्याला सहज वर नेतात. हळू आवाजात बोलत, त्याच्याकडे पाठ न करता मागे सरावे आणि त्याची पळवाट मोकळी ठेवावी. ते अंगावर येऊन भिडलेच तर पालथे पडावे, पाठीवरची पिशवी तशीच ठेवावी, दोन्ही हात मानेमागे गुंफून चेहरा जमिनीकडे दडवावा आणि ते दूर जाईपर्यंत हलू नये; अस्वल बहुधा डोके आणि चेहरा यांवर वार करते. त्यानंतर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. वाहते रक्त आधी दाबून थांबवावे. लहान जखमा पंधरा मिनिटे साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, आणि ओरखडा किरकोळ वाटला तरी रेबीजच्या लशीबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.