थोड्या वेळाच्या मोजणीवरून रस्त्यावरची सरासरी दैनिक वाहतूक कशी काढावी

या रस्त्यावरून दिवसाला किती वाहनं जातात? डांबराचा थर किती जाड हवा, सिग्नल बसवायचा की नाही, पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडायला पुरेशी उसंत मिळते का, अशा कितीतरी निर्णयांच्या मुळाशी हा एक आकडा असतो. पण प्रत्येक रस्त्यावर वर्षभर मोजणीयंत्र ठेवणं कोणालाच परवडत नाही. बहुतेक रस्त्यांच्या वाट्याला एखाद्या दिवसाची, फार तर दोन-तीन दिवसांची मोजणी येते. तेवढ्यावरून वर्षाची सरासरी काढता येते आणि ती विश्वासार्हही असू शकते. त्यासाठी एकच गोष्ट नीट ठाऊक हवी: मोजलेला दिवस वर्षातल्या बाकीच्या दिवसांच्या तुलनेत कसा होता?

आधी दोन आकड्यांतला फरक. काही दिवस सलग मोजून आलेल्या एकूण वाहनांना दिवसांच्या संख्येने भागलं की त्या काळापुरती सरासरी दैनिक वाहतूक मिळते. वर्षभराची एकूण वाहनं भागिले ३६५ म्हणजे वार्षिक सरासरी दैनिक वाहतूक, म्हणजेच एएडीटी. मोजणीतून हाती येतो पहिला आकडा आणि निर्णयाला बहुधा लागतो दुसरा. अहवालांत पहिला दुसऱ्याच्या नावाखाली सर्रास छापला जातो, म्हणून आपल्या कागदावर कोणता आहे हे सुरुवातीलाच लिहून ठेवा.

पायरी १ : जागा आणि दिवस

चौकापासून दूर, वाहनं सरळ आणि एकसारख्या वेगाने जातात अशी जागा घ्या. रांगा लागतात तिथे यंत्रही चुकतं आणि माणूसही. दोन्ही दिशा मोजा. सकाळी एका बाजूला भरलेला रस्ता संध्याकाळी दुसऱ्या बाजूला भरतो, त्यामुळे एका दिशेची दुप्पट ही दोन्ही दिशांची बेरीज ठरत नाही.

दिवस शक्यतो नेहमीचा निवडा. मोठी सुट्टी, रस्त्याचं काम, वळवलेली वाहतूक, मुसळधार पाऊस असेल तर मोजणी पुढे ढकला. वार्षिक सरासरीत सणासुदीचे आणि वादळाचे दिवसही येतातच, पण ते पुढे गुणकांमधून, म्हणजे मोजलेला आकडा वर्षाच्या सरासरीवर आणणाऱ्या प्रमाणांमधून येतात. आपल्या एका दिवसाच्या मोजणीत असा दिवस सापडला तर तो पूर्ण वर्षावर पसरतो.

पायरी २ : मोजणी

माणसांकडून मोजून घ्यायचं असेल तर दर १५ मिनिटांचे वेगळे रकाने ठेवा आणि वाहनांचे प्रकार वेगळे नोंदवा: दुचाकी, कार, बस, दोन आसांचे ट्रक (आस म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आडवा दांडा), त्याहून मोठे ट्रक. सायकली आणि पादचारी यांचेही रकाने असू द्या. जे मोजलं जात नाही त्यासाठी रस्त्यावर जागाही ठेवली जात नाही. मोजणाऱ्यांच्या पाळ्या छोट्या असाव्यात, कारण थकलेल्या नजरेतून आधी सुटतात त्या दुचाकी आणि सायकली.

रस्त्यावर आडवी टाकलेली हवेची नळी वाहनं मोजत नाही, आस मोजते. तिचे ठोके नुसते दोनने भागले तर मोठ्या ट्रकांच्या रस्त्यावर आकडा फुगतो. समजा, ८० टक्के वाहनं दोन आसांची, १२ टक्के तीन आसांची आणि ८ टक्के पाच आसांची आहेत. एका वाहनामागे सरासरी २.३६ आस झाले. नळीवर १०,००० ठोके पडले असतील तर वाहनं सुमारे ४,२४० होतात. दोनने भागून मिळाली असती ५,०००. म्हणून नळी लावली तरी काही तास शेजारी बसून वाहनांचे प्रकार नोंदवून घ्यावेत.

पायरी ३ : १२ तासांचे २४ तास

मोजणी सकाळी ७ ते संध्याकाळी ७ एवढीच असेल तर रात्रीची भर घालावी लागते. त्यासाठी वर्षभर चालणारं, तशाच रस्त्यावरचं एक मोजणी केंद्र संदर्भाला घ्यायचं. त्या केंद्रावर दिवसाच्या एकूण वाहतुकीपैकी ७२.५ टक्के वाहतूक याच १२ तासांत होते, असं समजू. आपली मोजणी ३,४८० वाहनांची असेल तर ३,४८० ÷ ०.७२५ = ४,८००.

हा विस्तार सगळ्या वाहनांना सरसकट लावू नका. लांब पल्ल्याचे ट्रक पुष्कळ ठिकाणी रात्रीच धावतात. दिवसाच्या मोजणीत ते कमी दिसतात आणि कारचा गुणक लावला तर शेवटपर्यंत कमीच राहतात. रस्त्याची झीज ठरवतात ते मात्र हेच जड आस. आसावरचा भार दुप्पट झाला की झीज ढोबळमानाने १६ पट होते, असा चौथ्या घाताचा नियम रस्तेबांधणीत वापरतात. थराची जाडी ठरवायची असेल तर ट्रकांची रात्रीची मोजणी टाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ४ : वार आणि महिना

समजा, वरची मोजणी बुधवारची होती. संदर्भ केंद्रावर त्या महिन्यातला बुधवार आठवड्याच्या सरासरीच्या १.०६ पट असतो. म्हणून ४,८०० ÷ १.०६ = सुमारे ४,५२८. शिवाय तो महिना वर्षाच्या सरासरीच्या १.१२ पट गजबजलेला असतो. ४,५२८ ÷ १.१२ = सुमारे ४,०४३. म्हणजे एएडीटी साधारण ४,०००. गुणक न लावता ४,८०० हाच आकडा पुढे गेला असता, तर तो जवळजवळ एक पंचमांश जास्त ठरला असता.

हे गुणक काढताना संदर्भ केंद्राचा वर्षभराचा डेटा क्वचितच पूर्ण असतो. यंत्र बंद पडतं, वीज जाते, नळी फाटते. गर्दीच्या महिन्यातले दहा दिवस गायब असतील आणि उरलेल्या दिवसांची सरळ सरासरी घेतली, तर वर्षाचा आकडा खाली घसरतो. अमेरिकेतल्या ‘आश्टो’ या महामार्ग संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत यावर चांगला उपाय आहे. प्रत्येक महिन्यातल्या प्रत्येक वाराची सरासरी काढायची, म्हणजे १२ × ७ = ८४ सरासऱ्या होतात. मग एकेका वाराच्या १२ महिन्यांची सरासरी आणि शेवटी सात वारांची सरासरी. काही दिवस गहाळ असले तरी प्रत्येक वाराला आणि महिन्याला आपापलं वजन मिळतं.

संदर्भ केंद्र कोणतं घ्यायचं?

खरी कसोटी इथे लागते. बेरीज-भागाकार कोणालाही जमेल, पण चुकीच्या केंद्राचा गुणक लावला तर बिनचूक मोजणीही वाया जाते. नोकरदारांच्या ये-जा करण्याच्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ दोन उंचवटे दिसतात आणि सुट्टीच्या दिवशी वाहतूक उतरते. पर्यटनाच्या रस्त्यावर सुट्टीलाच गर्दी होते आणि हंगामाचा चढउतार दुपटी-तिपटीचा असू शकतो. मालवाहतुकीचा रस्ता रात्रीही जागा असतो. या तिघांचे गुणक एकमेकांना लावता येत नाहीत, मग ते रस्ते नकाशावर कितीही जवळ असोत.

केंद्राचं अंतर पाहण्याआधी त्याचा दिवसभराचा आलेख पाहा. तुमच्या मोजणीतल्या प्रत्येक तासाचा एकूण संख्येतला टक्का काढा, संदर्भ केंद्राचे त्याच तासांचे टक्के त्यावर मांडा. दोन्ही रेषांचे चढउतार जुळले तर पुढे जा. एका रेषेला दुपारी उंचवटा आणि दुसरीला खळगा असेल तर केंद्र बदला. या अर्ध्या तासाच्या कामाने जितक्या चुका पकडल्या जातात, तितक्या महागड्या यंत्रानेही पकडल्या जात नाहीत. हंगामाचं साम्य मात्र एका दिवसाच्या आलेखातून कळत नाही. ते रस्त्याच्या वापरावरूनच ठरवावं लागतं: लोक या रस्त्याने कुठे आणि कशासाठी जातात?

संदर्भ केंद्रच नसेल तर? मग पूर्ण सात दिवस, २४ तास मोजा. वाराचा आणि रात्रीचा प्रश्न मिटतो. हंगामासाठी तीच मोजणी वर्षाच्या वेगळ्या काळात, एकदा गर्दीच्या आणि एकदा शांत महिन्यात, पुन्हा करा. सात दिवसही शक्य नसतील तर उपलब्ध दिवस एकाच आठवड्यात न घालवता वर्षभर पसरून टाका.

चूक किती असू शकते?

मोजणीतल्या योगायोगाची चूक आलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढी धरतात. १५ मिनिटांत २५ वाहनं आली तर इकडे-तिकडे ५, म्हणजे २० टक्के. दिवसात २,५०० आली तर ५०, म्हणजे अवघे २ टक्के. एवढ्यावर समाधान मानू नये, कारण खरी अनिश्चितता एका दिवसातून दुसऱ्या दिवसाकडे जाताना येते आणि तो एकच दिवस कितीही बारकाईने मोजला तरी ती कमी होत नाही. म्हणून तितकेच तास हाती असतील तर एका दिवसापेक्षा वेगवेगळ्या आठवड्यांतले दोन-तीन दिवस घ्या. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर हे जास्तच जपायला हवं. तिथे एखादी खाण सुरू झाली किंवा पीक काढणीला आलं की आकडा पार बदलतो.

ताळा पाहायला एक सोपी गोष्ट आहे. सर्वांत गर्दीच्या तासाची वाहतूक दिवसाच्या साधारण ८ ते १२ टक्के असते. तुमचं उत्तर या पट्ट्याच्या फार बाहेर जात असेल तर कुठेतरी एक दिशा सुटली आहे किंवा गुणक उलटा लागला आहे. भागायच्या ठिकाणी गुणणं ही इथली नेहमीची चूक.

आकडा लिहिताना

४,०४३ लिहू नका, ४,००० लिहा. शेवटचे अंक जी अचूकता सुचवतात ती मोजणीत नसतेच. शेजारी मोजणीची तारीख, तास, हवामान, संदर्भ केंद्र आणि प्रत्येक गुणक नोंदवा. आकडा जुना असेल आणि वाढीचा दर लावून आजचा केला असेल, तर तेही स्पष्ट सांगा. वर्षाला ४ टक्के वाढ धरली तर तीन वर्षांत १२.५ टक्के भर पडते, आणि ही भर मोजलेली नसते, गृहीत धरलेली असते.

१५ मिनिटांचे मूळ तक्तेही जपून ठेवा. चालू वर्षाचे गुणक वर्ष संपल्याशिवाय तयार होत नाहीत, त्यामुळे पहिला अंदाज बहुधा मागच्या वर्षाच्या गुणकांवरच करावा लागतो. नवे गुणक आले की त्याच तक्त्यांवरून आकडा पुन्हा काढा आणि आधीच्या अहवालावर ‘तात्पुरता’ असं लिहिलं असेल तर तो बदलून द्या.