प्राण्यांसाठी मदत मागताय? आवाहन लिहिताना या चुका टाळा

आधी तारीख. मदतीच्या बहुतेक मेसेजवर ती नसते आणि याहून मोठं नुकसान दुसरी कुठलीही चूक करत नाही.

पुण्यातल्या एका गटाने पार्व्हो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार झालेल्या कुत्र्याच्या पिल्लासाठी मेसेज टाकला होता. ‘अर्जंट!!! आज रात्री सलाईन लागलं नाही तर वाचणार नाही.’ खाली क्यूआर कोड. पिल्लू दुसऱ्याच दिवशी गेलं. मेसेज मात्र सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतच राहिला. पुढच्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षिकेने पैसे पाठवले आणि चार दिवसांनी आपुलकीने विचारलं, ‘पिल्लू कसं आहे?’ उत्तर आलं, ‘कुठलं पिल्लू?’ त्या उत्तराचा स्क्रीनशॉट मूळ मेसेजपेक्षा जोरात पळाला. महिन्याभरात त्याच भागात ट्रकखाली पाय चिरडलेली कुत्री सापडली, तेव्हा एकाही सोसायटीतून पैसा आला नाही. डॉक्टरांनी उधारीवर पाय कापला म्हणून ती जगली. त्या गटाने एक रुपयाही खाल्ला नव्हता.

एकदा पुढे गेलेला मेसेज परत येत नाही. तुम्ही तो डिलीट केलात तरी इतरांनी फॉरवर्ड केलेल्या प्रती तशाच राहतात. फोटोखालचा मजकूरही वाटेत गळतो. म्हणून मी तारीख, गाव आणि ‘अमुक तारखेनंतर पैसे पाठवू नका’ ही ओळ फोटोवरच ठळक लिहिते. पैसे जमले की त्याच फोटोवर ‘रक्कम पूर्ण, आभार’ लिहून तो सगळीकडे पुन्हा पाठवते. नव्या मुलांना याचा कंटाळा येतो. पैसे आले, आता पुढची केस, अशी त्यांची घाई. ही घाई मला मान्य नाही. देणाऱ्याला ‘आता थांबा’ म्हणणारा गटच पुढच्या वेळी त्याच्या लक्षात राहतो.

दुसरी चूक, मोघमपणा. ‘खर्च खूप आहे, जमेल तशी मदत करा’ यावर लोक हात जोडल्याची इमोजी टाकतात, कारण जमेल तशी म्हणजे किती हे त्यांना कळत नाही. असं लिहा:

‘१२ जुलै, कोथरूड. मोती, वय अंदाजे ३ वर्षं. मागच्या डाव्या पायाचं हाड मोडलंय. एक्स-रे ८००, शस्त्रक्रिया १४,०००, सात दिवस ठेवण्याचे ३,५००. एकूण १८,३००. जमले ६,२००, हवेत १२,१००. जास्त आले तर लसीकरणासाठी वापरू.’

सोबत दवाखान्याच्या अंदाजपत्रकाचा फोटो. शेवटचं वाक्य गाळू नका. प्राणी मध्येच दगावला तर उरलेल्या पैशांवरून होणारी भांडणं त्या एका वाक्याने टळतात.

रक्तबंबाळ फोटो पहिला लावू नका. लोक नजर वळवतात आणि पुढे सरकतात. डोळे दिसतील असा फोटो आधी, जखमेचा मागाहून, तोही मागितला तरच.

‘माणुसकी मेली का?’ असं विचारून कुणाच्या खिशातून पैसा निघालेला मी पाहिलेला नाही.

क्यूआर असेल तर ‘स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसेल’ हे लिहाच. फोटोतला क्यूआर बदलून मेसेज पुढे ढकलणारे लोक आहेत. घरखर्चाच्या खात्यावर देणगी घेऊ नका. किमान वेगळं खातं ठेवा.

आसरा किंवा खाऊ घालण्याची जागा नेमकी सांगू नका. भाग सांगा, पत्ता नको. पत्ता फुटला की सकाळी फाटकाशी पिल्लांचं खोकं ठेवलेलं असतं.

देणगीवर आयकरात सवलत (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) मिळेल, हे त्यासाठी नोंदणी असलेल्या संस्थेनेच लिहावं. सोबत हेही सांगावं की २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती लागू नाही आणि खाद्याची पोती दिली तर अजिबात नाही. परदेशातल्या मंडळींना मेसेज पाठवण्याआधी विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल आणि पैसे स्वतःचे असतील तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस तुमचा सख्खा मामा असला तरी संस्थेसाठी ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही.