खाज पुन्हा पुन्हा येते? मलम बदलण्याआधी या चुका टाळा

योनीच्या भागात खाज किंवा आग सुरू झाली की बहुतेक जणी आधी बुरशीचं मलम आणतात. चार दिवस बरं वाटतं, पुढच्या पाळीच्या आसपास पुन्हा तेच. मग दुसरं मलम, मग गोळी. असे महिने जातात, आणि नेमकं काय झालंय हे कुणी तपासलेलंच नसतं.

प्रत्येक खाज बुरशीची समजणं

स्वतःच्या अंदाजाने बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या स्त्रियांची एका अभ्यासात तपासणी झाली, तेव्हा निव्वळ बुरशी असलेल्या जेमतेम एक तृतीयांश निघाल्या. बुरशीत खाज जास्त, स्राव घट्ट, पांढरा, गुठळ्यांचा, आणि वास जवळपास नसतोच. योनीचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ३.८ ते ४.५ च्या आसपास, म्हणजे नेहमीइतकाच राहतो. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये (योनीतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडतं तेव्हा) स्राव पातळ, राखाडी, माशासारखा वास, तोही संबंधानंतर वाढणारा, खाज कमी. ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा परजीवी) असेल तर स्राव पिवळट-हिरवट, कधी फेसाळ. या दोन्हींत पीएच सहसा ४.५ च्या वर जातो आणि बुरशीचं मलम कामाचं नसतं. ट्रायकोमोनासमध्ये जोडीदाराने त्याच वेळी औषध घेतलं नाही, तर लागण परत होते.

घरी पीएचची पट्टी वापरत असाल तर ती योनीच्या बाजूच्या भिंतीला टेकवा. पाळीचं रक्त, वीर्य किंवा वंगण लागलं तर आकडा खोटा वाढतो. आणि ४.५ च्या आतला आकडा म्हणजे बुरशीच, असंही नाही.

आत की बाहेर, हे न पाहणं

‘आत आग होते’ अशी तक्रार असते, पण कित्येकदा दुखणं बाहेरच्या त्वचेचं असतं. चांगल्या उजेडात आरसा धरून एकदा नीट बघा. लाली कुठे सुरू होते, कुठे संपते? बारीक चिरा आहेत का? खाजवून त्वचा जाड झालीय का? त्वचा पांढरट, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी दिसते का, आणि ती पांढुरकी कड गुदद्वारापर्यंत जाते का? रात्री वाढणारी खाज आणि अशी त्वचा म्हणजे लायकेन स्क्लेरोसस या त्वचेच्या जुनाट आजाराची शंका. त्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीव्र स्टेरॉइड मलम दीर्घकाळ लावावं लागतं. दुर्लक्ष केलं तर आतले ओठ हळूहळू चिकटून सपाट होतात, आणि थोड्या जणींत पुढे कर्करोगाचा धोकाही असतो. शंका असेल तर त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासतात.

आरशात काहीच दिसत नाही, पण कापसाच्या काडीने योनीमुखाला हलकं दाबलं तरी झोंबतं, आणि हे ३ महिन्यांपेक्षा जास्त चाललंय? इतर कारणं तपासून बाद झाली असतील तर हा व्हल्वोडायनिया, म्हणजे ठोस कारण न सापडणारं तिथलं जुनं दुखणं, असू शकतो. त्यात बुरशीची कितीही औषधं घेतली तरी फरक पडत नाही; ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या फिजिओथेरपीने अनेकींना पडतो.

स्वच्छतेचा अतिरेक

आमच्या मते सर्वात जास्त दुर्लक्षित कारण हेच. खाज आली की अधिक धुणं, धुतल्यावर कोरडेपणा, कोरडेपणामुळे पुन्हा खाज. योनी आतून धुवायची गरज नसते. तिथल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं आम्लच तिचं रक्षण करतं. बाहेरून साधं कोमट पाणी पुरतं.

संशयितांची यादी लांब आहे: साबण, इंटिमेट वॉश (‘पीएच बॅलन्स्ड’ लिहिलेलं असलं तरी), ओले वाइप्स आणि त्यातली मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखी संरक्षक द्रव्यं, सुगंधी पॅड, कपड्यांचं सॉफ्टनर, लॅटेक्स, शुक्राणुनाशक जेल, वॅक्सिंग, लघवीची गळती. खाज थांबवण्याचं मलमही गुन्हेगार असू शकतं. बेन्झोकेन, निओमायसिन, प्रॉपिलीन ग्लायकॉल हे घटक काहींना झोंबतात किंवा त्यांची ॲलर्जी होते.

शोधायचं कसं? ३ आठवडे सगळं बंद. फक्त पाणी, सुती आतले कपडे, बिनवासाचा डिटर्जंट, धुतल्यावर टिपून कोरडं करणं आणि वर पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. (जेलीने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो, हे विसरू नका.) आराम पडला तर एकेक वस्तू परत सुरू करा, दोन वस्तूंमध्ये निदान आठवडा सोडा. ॲलर्जी सहसा लगेच उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते. म्हणून काल वापरलेल्या वस्तूला सोडून आजच्या वस्तूवर आळ घेतला जातो. तरीही उलगडा झाला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट (संशयित घटक पाठीवर चिकटवून ॲलर्जी पाहण्याची चाचणी) करून घ्या.

तीन औषधांचं एकच मलम

स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं मनाने लावू नका. स्टेरॉइडमुळे खाज झटकन थांबते, पण दुखणं दबतं आणि त्याचं रूप बदलतं. बंद केल्यावर आग दुप्पट उसळते, आणि चुकीच्या जागी जास्त दिवस लावलं तर त्वचा पातळ होते.

औषध लावूनच तपासणीला जाणं

तपासणी त्रास चालू असताना करायची. आधीचे काही दिवस योनीत मलम किंवा गोळी ठेवू नका, दोन दिवस संबंध टाळा, पाळीतले दिवस सोडा. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून कल्चर (नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणं) मागा आणि बुरशीची जात ओळखायला सांगा. कॅन्डिडा ग्लाब्राटा ही जात निघाली तर नेहमीची फ्लुकोनॅझोल (बुरशीची गोळी) अपुरी पडू शकते; तिथे ६०० मिलिग्रॅम बोरिक ॲसिडच्या कॅप्सूल योनीत ठेवायला देतात. त्या गिळल्या तर विषारी, आणि गरोदरपणात चालत नाहीत.

वर्षातून ३ किंवा अधिक वेळा बुरशी सिद्ध झाली असेल तर एका गोळीने भागत नाही. डॉक्टर सहसा १५० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी देतात, मग ६ महिने आठवड्याला एक. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या महिन्यात थांबलं की त्रास परतण्याची शक्यता वाढते. गरोदर असाल तर फ्लुकोनॅझोल मनाने घेऊच नका.

बाकीच्या शरीराकडे न पाहणं

वारंवार बुरशी होत असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) करून घ्या. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) चालू असतील तर तेही सांगा; गोळी मात्र परस्पर बंद करू नका. रजोनिवृत्तीनंतर किंवा अंगावर पाजताना इस्ट्रोजेन घटतं, त्वचा कोरडी आणि नाजूक होते. रजोनिवृत्तीनंतरच्या अशा त्रासावर योनीत वापरायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन उपयोगी पडतं, पण पूर्ण फरक दिसायला १२ आठवडेही लागतात.

फोड किंवा व्रण, तापासोबत ओटीपोटात दुखणं, रजोनिवृत्तीनंतर रक्त जाणं, गाठ किंवा न भरणारी जखम, गरोदरपण, किंवा पाळी न आलेल्या मुलीला होणारा त्रास, यांपैकी काहीही असलं तर ३ आठवड्यांचा प्रयोग करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, सोबत न्या.