जुन्या सेस्नाचे कंट्रोल सैल झालेत? दुरुस्त करताना या चुका टाळा

योक (विमान वळवायचं पायलटसमोरचं हँडल) हातात धरून बोटभर डावी-उजवीकडे हलवला आणि पंखावरचं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) जागचं हललंच नाही, की हँगरमधला कुणीतरी लगेच म्हणतो, "केबल सैल झालीय, टेन्शन मार," म्हणजे केबल ताणून घट्ट कर. साठ वर्षं उडालेल्या सेस्ना १५० किंवा १७२ या छोट्या विमानावर काम करताना पहिली आणि सर्वांत महाग चूक इथेच होते. खेळ, म्हणजे हा सैलपणा, हाताला योकमध्ये जाणवतो, पण झीज बहुधा दुसरीकडेच असते. ती कुठे आहे हे सापडेपर्यंत पाना हातात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

शोधायचं कसं? दोन माणसं लागतात. एकाने बाहेर उभं राहून एलरॉन हलक्या हाताने धरून ठेवायचं. दुसऱ्याने आत बसून योक अगदी थोडा, सावकाश इकडेतिकडे करायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट पॅनेलमागच्या एकेका जोडावर ठेवत जायचं: आधी युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारा सांधा), मग स्प्रॉकेट (दातेरी चाक), चेन, मग केबलचं टोक. बोट जोडाच्या दोन्ही तुकड्यांवर एकाच वेळी टेकलेलं हवं. जिथे एक तुकडा हलतो आणि दुसरा थांबतो, तिथे बोटाखाली 'टक्' असं कळतं. डोळ्यांना न दिसणारी झीजही बोटाला कळते. योक वर-खाली लटपटत असेल, तर तो जिथून पॅनेलमध्ये शिरतो तिथला आधार आधी पाहा. मॉडेलप्रमाणे तिथे नायलॉनचा गाइड असतो किंवा रोलर. तो बदलला की अर्धी तक्रार मिटते, आणि केबलला हातही लावावा लागत नाही.

केबल ताणून खेळ लपवला तर काय होतं? पुलीच्या बेअरिंगवर भार वाढतो, योक जड होतो, आणि सोडल्यावर तो आपोआप मध्यावर येत नाही. खरी झीज मात्र तशीच राहते. शिवाय विमानाचं अंग अॅल्युमिनियमचं आणि केबल पोलादाची. उन्हात अॅल्युमिनियम जास्त पसरतं, म्हणून केबल आपोआप ताणली जाते, आणि थंडीत सैल पडते. नागपुरात मे महिन्यात भर दुपारी लावलेलं टेन्शन डिसेंबरच्या पहाटे तेवढंच राहणार नाही. म्हणून टेन्सिओमीटर (केबलचा ताण मोजायचं यंत्र) लावायचा, हवेचं तापमान बघायचं, आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा धरायचा. अंदाजाने नाही. टर्नबकलच्या (केबलचा ताण कमी-जास्त करायच्या जोडाच्या) दोन्ही टोकांना बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, आणि शेवटी सेफ्टी वायर नवीच.

केबल तपासताना सगळे कापड फिरवतात. तुटलेली तार कापडात अडकते, पद्धत चांगलीच आहे. पण योक एकाच जागी ठेवून कापड फिरवलं, तर केबलचा जो भाग पुलीवर वळसा घालून बसलेला असतो तो तपासलाच जात नाही, आणि तारा तर तिथेच तुटतात. योक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेत राहा आणि पुलीच्या दोन्ही बाजूंना कापड लावा. पुली फिरते की केबल तिच्यावर नुसती घासत जाते, हेही त्याच वेळी दिसतं. न फिरणाऱ्या पुलीला एका बाजूने सपाट घासलेलं असतं. केबल पेट्रोलने किंवा सॉल्व्हंटने धुऊ नका. आतल्या पेडांमधलं वंगण निघून जातं आणि गंज आतून लागतो.

थ्रॉटल, मिक्श्चर, कार्ब हीट

थ्रॉटल इंजिनाची ताकद ठरवतो, मिक्श्चर इंधनाचं प्रमाण, आणि कार्ब हीट कार्ब्युरेटरला (इंधन-हवा मिसळणाऱ्या भागाला) गरम हवा देतं. यांचा नॉब जड ओढला जातो म्हणून मागून तेलाचा फवारा मारणं ही सवय मोडायला हवी. दोन दिवस छान वाटतं, मग त्याच तेलात धूळ बसून चिकटा होतो. आधी कार्ब्युरेटरकडचं टोक सोडवा आणि नॉब ओढून बघा. नॉब मोकळा झाला, तर दोष कार्ब्युरेटरच्या दांड्यात आहे. तसाच जड राहिला, तर केबलमध्ये. दहा मिनिटांचं काम, पण ते न करता चांगल्या केबल फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

याच्या उलटी तक्रार जास्त धोक्याची: नॉब हलतो, पण इंजिनाला काही कळत नाही. अशा वेळी केबलचं बाहेरचं आवरण पकडणारा क्लॅम्प बघा. तो सैल असला की आतली तार ढकलण्याऐवजी सगळं आवरणच मागे-पुढे सरकतं.

आणखी एक गोष्ट, जी नवीन केबल लावल्यावर हटकून चुकते. नॉब पॅनेलला पूर्ण टेकला म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडला, असं नसतं. कार्ब्युरेटरवरचा दांडा त्याच्या स्टॉपला आधी टेकला पाहिजे, आणि त्या वेळी नॉब व पॅनेल यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे. फट नसेल तर नॉब टेकतो, दांडा मात्र अर्ध्यात थांबतो. मग टेकऑफला पूर्ण ताकद मिळत नाही. म्हणून एकाने इंजिनाजवळ उभं राहून दांडा डोळ्यांनी पाहावा.

तुटलेला नॉब बदलताना 'मिळेल तो' लावू नका. मिक्श्चरचा लाल, थ्रॉटलचा काळा. कार्ब हीटच्या जागी हात जाऊन चुकून मिक्श्चर ओढला गेला तर इंजिन हवेतच थांबेल. रंग आणि आकार वेगळे ठेवलेत ते यासाठीच.

बोल्ट, पिना आणि 'जुगाड'

बोल्टचं भोक लंबगोल झालं की ते ड्रिलने मोठं करून जाड बोल्ट घालायचा मोह होतो. मॅन्युअल तशी परवानगी देत नसेल, तर करू नका. कडेचं धातू कमी होतं आणि चीर तिथूनच सुरू होते. बुश (भोकात बसवलेली बदलता येणारी नळी) असेल तर बुश बदला. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट मापाने बसला तरी तो विमानाचा बोल्ट नाही. जो जोड फिरतो तिथे फायबरची लॉकनट चालत नाही. तिथे खाचा असलेली कॅसल नट आणि तिला अडकवणारी कॉटर पिन, तीही प्रत्येक वेळी नवी.

योकला बोलण्याचं बटण बसवण्यासाठी भोक पाडून वायर आतून नेणं, हा प्रकारही जपूनच करावा. नळी कमकुवत होते, आणि पॅनेलमागे सैल सोडलेली वायर चेनमध्ये जाऊ शकते. तडे गेलेल्या प्लास्टिकच्या योकवर लांबी (पुटी) भरून, रंग मारून किंवा चामडं शिवून तो नवा दिसतो, पण तडा आतच राहतो. पुढच्या तपासणीला तो दिसणारही नाही, हे मला सर्वांत वाईट वाटतं.

कंट्रोल लॉकचंही (उभ्या विमानाचा योक अडकवून ठेवणाऱ्या पिनचंही) तसंच. कंपनीने दिलेल्या लॉकला लाल पट्टी असते आणि ती इग्निशन स्विचवर येते. लॉक काढल्याशिवाय किल्ली लागतच नाही. तो हरवला म्हणून भोकात खिळा किंवा बोल्ट घालणारे लोक तो काढायला विसरले, तर ते धावपट्टीवर कळतं.

खुर्चीचा रूळ

खुर्ची कंट्रोल नाही असं वाटतं, पण जुन्या सेस्नात ती कंट्रोलइतकीच जिवावर बेतणारी आहे. रुळातल्या भोकांमध्ये पिन बसते आणि खुर्ची जागेवर राहते. भोकं झिजली की टेकऑफला वेग वाढताना खुर्ची झपकन मागे सरकते, पायलट आधारासाठी योक घट्ट धरतो, आणि योक त्याच्याबरोबर मागे येतो. नाक वर, वेग कमी. अशा अपघातांमुळेच अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियामक संस्थेने) यावर आदेश काढला. २०११-१०-०९ या क्रमांकाचा तो आदेश दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी रूळ तपासायला सांगतो. भोकाची झीज ०.४२ इंचाच्या पुढे गेली तर रूळ बदलायचा, आणि पिन भोकात किमान ०.१५ इंच उतरली पाहिजे. नुसती पिन बदलून काम भागवू नका. भोकात साचलेला कचरा आधी काढा, कारण पिन त्यावरच टेकून अर्धवट बसते आणि खुर्ची अडकल्यासारखी वाटते.

जोडून झाल्यावर

२३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमधल्या वुडफर्डला अॅव्हरो ट्यूडर विमान उडताच कोसळलं. दुरुस्तीत एलरॉनच्या केबल उलट्या जोडल्या गेल्या होत्या. मृतांमध्ये रॉय चॅडविक होते, लँकेस्टर बॉम्बरचे रचनाकार. कारखान्यातले जाणकार लोक चुकले, मग आपण कोण? योक दोन्ही हातांनी धरा, अंगठे वर. डावीकडे फिरवा: अंगठे डावीकडे झुकतात, आणि वर उचललेलं एलरॉनही डावंच हवं. योक मागे ओढा: एलिव्हेटरची (शेपटीवरच्या हलणाऱ्या आडव्या भागाची) मागची कड वर जायला हवी. आत बसलेल्याने 'बरोबर वाटतं' म्हणणं पुरेसं नाही. बाहेर उभ्या माणसाने कोणता पृष्ठभाग कुठे गेला ते मोठ्याने सांगायचं. मग खुर्ची सगळ्यात पुढे, मग सगळ्यात मागे घेऊन प्रत्येक वेळी कंट्रोल टोकापासून टोकापर्यंत फिरवायचा, कुठे अडखळतो का ते बघत.

त्यानंतर ज्याने या कामाला हात लावलेला नाही अशा अधिकृत माणसाला बोलवा आणि त्याला हीच तपासणी पहिल्यापासून करू द्या. त्याची सही लॉगबुकात पडेपर्यंत पॅनेलचे स्क्रू डबीतच राहू द्या.