पहिलीचा वर्ग, डिजिटल फळा आणि मोबाइलमधला रेकॉर्डर

शिक्षणसेवक म्हणून रुजू झालात आणि वाट्याला पहिली आली, की स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येतं, "तुम्ही नवीन ना? मग डिजिटल फळा तुमच्याकडे!" नवी मुंबईत घणसोलीच्या शाळेत माझंही तेच झालं. फळा घ्या, पण त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं ते आधी ठरवा. माझ्या मते पडद्यावर काय दिसतंय यापेक्षा मुलाच्या तोंडून काय निघतंय ते जास्त महत्त्वाचं.

बडबडगीताचा व्हिडिओ लावला की वर्ग खूश आणि आपणही जरा मोकळे. खाली अक्षरं सरकत असतात, मुलं मात्र हत्तीकडे बघतात. दोन आठवड्यांत कविता तोंडपाठ होते आणि आपल्याला वाटतं, पोरं वाचायला लागली. खात्री करायची तर व्हिडिओ थांबवा आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा. जे मूल पहिल्या ओळीपासून गुणगुणत त्या शब्दापर्यंत येतं, त्याचं वाचन अजून सुरू व्हायचंय.

फळ्याचा खरा उपयोग होतो वेलांटीला. 'पि'मध्ये वेलांटी दिसते आधी, उच्चारायची नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायचं असं नुकतंच शिकलेलं मूल 'पिशवी'पाशी अडतं ते उगाच नाही. फळ्याच्या पेनने आधी काळा 'प' काढायचा, वर्गाने 'प' म्हणायचं. मग लाल वेलांटी काढायची आणि सगळ्यांनी 'पि' म्हणायचं. टाइप करून नुसती वेलांटी लाल करायला गेलात तर अनेकदा शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, म्हणून हातानेच काढा. फाँटही तपासा. शासनाने २००९ मध्ये मराठी अक्षरांची वळणं ठरवून दिली, तरी मोबाइल-कॉम्प्युटरवर ल आणि श बऱ्याचदा हिंदी वळणाचे येतात. पुस्तकात एक ल, फळ्यावर दुसरा. पहिलीतल्या मुलाच्या लेखी ती दोन निराळी अक्षरं.

मुलाचं वाचन ऐकून चूक-बरोबर सांगणारी ॲप्स आहेत. सरावाला चांगली, पण भरल्या वर्गात गोंगाटाने गोंधळतात. व्हरांड्याच्या कोपऱ्यात एकेकाला बसवा. ॲप्सचा निकाल अंतिम मानू नका. इथल्या आगरी घरातलं मूल 'डोळा' वाचताना 'डोला' म्हणेल. त्याने अक्षर बरोबर ओळखलंय, बोललंय घरच्यासारखं. ॲपला हा फरक कळेलच असं नाही, तो बाईंना कळायला हवा.

त्यासाठी सगळ्यात कामाचं साधन म्हणजे मोबाइलचा साधा रेकॉर्डर. रोज दोन-तीन मुलांना न वाचलेला छोटा उतारा द्या, मिनिटभर वाचू द्या. वर्गात ऐकताना निसटतं ते ठाण्याच्या लोकलमध्ये इअरफोन लावून नीट ऐकू येतं: कोण मात्रा गाळतंय, कोण पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकतंय. दुसऱ्या दिवशीचे गट यावरूनच पाडायचे. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणित अभियानाच्या लक्ष्यात दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द धरले आहेत, पण तो आकडा दुसरीचा आणि अर्थासकट वाचण्याचा. पहिलीत घड्याळ लावलंत तर मुलं फक्त धावतात.

वाचायला साहित्य कमी पडत नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर नेतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर पातळीनुसार मराठी गोष्टी आहेत. खुल्या परवान्याच्या असल्याने डाउनलोड करून छापताही येतात. मी पहिल्या पातळीच्या छापून घेते, कारण नेट कधी दगा देईल सांगता येत नाही आणि कागदावर मुलाला बोट ठेवता येतं.

रेकॉर्डिंगबद्दल मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधी सांगा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाचंही टाकू नका, कौतुक म्हणूनही नाही. लगेच तुलना सुरू होते. पालकसभेत ज्याचं त्याच्या आईबाबांना ऐकवा आणि वर्ष संपलं की पुसून टाका.